तुमच्या घरी हीच गोळी खातात का?

मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. तेच चिठ्ठी घेऊन रांगेत उभे असतात. बी.फार्मचे आम्ही चौघं रविवारी चहाला भेटलो की सगळे आधी माझ्याकडं बघतात, कारण चौघांत जेनेरिकचं, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावानं स्वस्तात मिळणाऱ्या औषधांचं, दुकान टाकणारी मी एकटीच. तेही पुंडलिकनगरात, राहत्या घराखाली.

वडिलांचा याला सक्त विरोध. औरंगपुऱ्यातल्या एका मोठ्या मेडिकलवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. "सस्ता रोए बार बार," एवढं बोलून ते पेपर उघडायचे. त्यांची बीपीची गोळी आई औरंगपुऱ्यातून आणायची, माझ्या दुकानासमोरून रिक्षात बसून जायची. मला ते लई लागायचं.

*

तसे कॉलेजात आम्ही तरी कुठं वेगळे होतो! शेवटच्या वर्षी सरांनी विचारलं, जेनेरिक कोण कोण देणार? अख्ख्या वर्गाचे हात वर. मग विचारलं, स्वतःच्या आईला कोण देणार? निम्मे हात खाली. आमच्या चौघांतल्या फरहानचा हात मधेच अडकला.

"सर, आईला विचारून सांगतो."

वर्ग हसला, सर नाही हसले. म्हणाले, पेशंटला विचारणारा हा एकटाच निघाला.

*

दुकान नवीन होतं तेव्हा सोयगावकडचे एक बाबा मुलाकडं राहायला आलेले. सगळा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेला. गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून मला म्हणाले, "शेळी घेताना आम्ही दात बघतो. हिचं काय बघायचं?"

मी औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम अन् एक्स्पायरी दाखवली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून घ्या म्हटलं. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं, मगच पिशवीत टाकलं.

पुढच्या महिन्यात गावाकडचे दोघं जण सोबत घेऊन आले. मला तोंडच उघडू दिलं नाही. पाकीट हातात धरून स्वतःच त्यांना दात दाखवत बसले.

*

एका कंपनीचा एमआर होता, डॉक्टरांकडं फिरून कंपनीची औषधं खपवणारा. माझ्या दुकानावरून जाताना गालात हसायचा. एकदा भर दुपारी डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मास्क अशा थाटात काउंटरवर आला अन् आवाज बदलून शुगरच्या गोळ्या मागितल्या. मी गोळ्या दिल्या आणि म्हटलं, सर, बॅग तरी दुसरी आणायची.

बिचाऱ्यानं हेल्मेट काढलं.

"मॅडम, टार्गेट कंपनीचं असतं. आई माझी आहे."

*

एक किस्सा मात्र मी हसत सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी नाव वेगळं म्हणजे औषधच वेगळं असं समजून कंपनीची जुनी गोळी अन् माझी, दोन्ही चालू ठेवल्या. औषध एकच, डोस दुप्पट. चक्कर येऊन स्वयंपाकघरात खाली बसल्या. चूक माझीच, मी त्यांचं जुनं पाकीट बघायला मागितलं नव्हतं. आता घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणल्याशिवाय मी कुणालाच काही देत नाही.

काकू दोन दिवसांत सावरल्या, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. सख्खा बाप घेत नाय तिच्याकडनं, असं लोक बोलायला लागले. गिऱ्हाईक तुटलं. दुकान बंद करू का, असं आईला विचारताना मला रडू आवरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी आई वडिलांच्या डॉक्टरांना जाऊन विचारून आली. औषध तेच, ताकद तीच, खुशाल द्या, फक्त बीपी तपासत राहा, असं ते म्हणाले. मग तिनं माझ्याकडची गोळी पाकिटातून काढून डबीत भरायला सुरुवात केली. वडील डबीतली गोळी घ्यायचे अन् दर रविवारी माझ्याकडून बीपी मोजून घ्यायचे. आकडा नीट आला की म्हणायचे, बघ, याला म्हणतात कंपनीची गोळी. आई पदरात तोंड लपवून आत पळायची.

असे चार महिने गेले. एका रविवारी बीपी मोजून झाल्यावर वडील दुकानात स्टुलावर पेपर वाचत बसलेले असताना एक नवीन गिऱ्हाईक आलं. त्यानं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "मॅडम, खरं सांगा, तुमच्या घरी हीच गोळी खातात का?"

मागं चार माणसं उभी. हो म्हणावं तर आईचं बिंग फुटणार, नाही म्हणावं तर दुकान जाणार.

वडिलांनी पेपरची घडी घातली.

"मी खातो. चार महिने झाले. बीपी एकदम ठीक आहे, घ्या तुम्ही."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"बघते काय? कंपनीची गोल होती, ही लांबट आहे. तीस वर्षं काउंटरवर काढली, मला गोळी ओळखू येत नाय व्हय?"

मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. लई मेहनतीनं लपवते ती."