वेबसाइटवरची आमची शाळा

शाळेची वेबसाइट लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठी शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही. तीन वर्षांत वेबसाइटची पानं भरली सहा, किस्से मात्र ढीगभर साठले. आधी स्टाफरूममध्ये हसत सांगायचे. हल्ली सांगायला नको वाटतं.

*

मी साधं लिहिलं होतं, 'शाळेला मैदान आहे.' मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ही वेबसाइट आहे, पोलिसांतली जबानी नव्हे! भव्य लिहा, भव्य!" लिहिलं.

जूनमध्ये देवरूखहून बदली होऊन आलेले एक गृहस्थ मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी आले. शाळेसमोरच्या उघड्या कातळावर उभं राहून चौफेर बघत म्हणाले, "ते भव्य मैदान कुठल्या बाजूला?"

"त्याच्यावरच उभे आहात तुम्ही!"

ते हसले. अ‍ॅडमिशन न घेताच गेले.

*

मग 'अद्ययावत संगणक कक्ष'. सातवीतल्या सानिकाने वाचलं आणि विचारलं, "बाई, आम्हाला कधी नेणार तिथे?"

"अगं, तो काय कोपऱ्यातला कॉम्प्युटर!"

"पण त्याच्यावर तर तुम्ही वेबसाइट लिहिता!"

*

एकदा मुंबईहून एका वडिलांचा फोन. "बाई, गॅदरिंगचा फोटो बघितला. आमची चिन्मयी दिसत नाय."

उजव्या कडेला नुसता एक हात दिसत होता. फोटो पानात मावेना म्हणून कडा मीच कापली होती. मूळ फोटो शोधला, सापडला नाही.

"असू दे," ते म्हणाले. "हात तिचाच हाय. बांगडी मी पाठवलेली."

*

'प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष.' हे वाक्य मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मीच लिहिलं होतं. फार आवडायचं मला.

दिवाळीनंतर क्लार्क रजेवर होते, म्हणून ऑफिसात मी बसले होते. बंदरावर मासे विकणाऱ्या एक ताई मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आल्या.

"वर्षाच्या मधेच का काढताय?"

"तो बोलताना अडखळतो, बाई. आधीच्या शाळेत पोरं चिडवायची. तुमच्या वेबसाइटवर लिहिलेलं, एकेका पोराकडे लक्ष देतात म्हणून. भावाने वाचून दाखवलं, तेव्हा हिकडे घातला. आता तो घरीपण बोलत नाय."

मी दाखल्याचा कोरा अर्ज पुढे ओढला. "नाव काय त्याचं? कुणाच्या वर्गात आहे?"



"तुमच्याच, बाई."