चाकं वळणारी गाडी

आमच्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली, म्हणजे जन्म दुसऱ्याच्या शेजारी बसून काढला. त्यांच्या पायाशी जादाचा ब्रेक असे. तो ब्रेक सुटला, पायाची सवय काही सुटली नाही. टॅक्सीतसुद्धा कुणी आडवं आलं की यांचा पाय खाली दाबला जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं, तेव्हा स्वतःची निळी गाडीही विकावी लागली. मग एके दिवशी शोकेसचा मधला कप्पा रिकामा करून ते मला म्हणाले, "इथे गाडी ठेवायची. ठोकळे जोडून करतात ना, तसली."

मला वाटलं, तासाभराचं काम. सासूबाईंना घेऊन आम्ही तिसऱ्यांदा खेळण्यांच्या दुकानात शिरलो तेव्हा तिथली मुलगी आम्हाला बघून शेल्फामागे गेली.

मास्तरांची अट एकच होती. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळली पाहिजेत. लाल गाडी दिसायला अशी की दृष्ट लागावी. "स्टिअरिंग आहे की काका," मुलगी म्हणाली. आहे ते मलाही दिसतंय, फिरवल्यावर चाकं वळतात का, असं त्यांनी विचारलं. ते तिला ठाऊक नव्हतं, खोक्यावर लिहिलेलं नव्हतं आणि खोकं उघडायची परवानगी नव्हती. दुसरी गाडी वळायची, पण तिला ना छप्पर ना दारं. भाजीच्या क्रेटला चाकं लावावीत तशी. सासूबाईंचे पाय भरून आले होते. शोभेला ठेवायची तर खेळायची कशाला आणि खेळायची तर शोकेस कशाला अडवायची, एक काय ते ठरवा, असं त्या वैतागून म्हणाल्या.

"रोज पुसून दारात उभी करायचो, तीच गाडी चालवायचो ना मी? का दोन गाड्या होत्या आपल्याकडे?"

शेवटी मुलीने मालकांना फोन करून एक निळी गाडी शोधून काढली. छप्पर, दारं, वळणारी चाकं, सगळं होतं. तुकडे मात्र नखाएवढे. बाबा, हे तुम्हाला दिसायचे नाहीत, असं मी हळूच म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही.

घरी नको तेच झालं. काळा तुकडा कुठला आणि करडा कुठला, हे त्यांना कळेना. जोडायचे, उखडायचे. मी मदतीला गेले की हात झटकायचे. अखेर सगळं खोक्यात कोंबून त्यांनी ते कपाटावर टाकलं. जाता-येता रिकाम्या कप्प्याकडे बघायचे आणि भलत्याच गोष्टीवरून चिडायचे. चहा गार का, पंखा जोरात का.

खोकं सासूबाईंनीच खाली काढलं. साऱ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाने बायकोला काही शिकवली नव्हती. घरात मला शांतता हवी, हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. आता त्या जोडायला बसल्या, तसे मास्तर आपोआप शेजारच्या खुर्चीत. चित्र बघणार त्या, सूचना यांच्या. सासूबाईंचा हात चुकीच्या तुकड्याकडे गेला की यांचा पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर दाबला जाई, टेबल हले आणि तुकडे घरंगळत.

कशीबशी गाडी पुरी झाली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे वळली.

आतलं दातेरी चाक उलट्या बाजूला बसलं होतं. ते काढायचं तर गाडी पार तळापर्यंत उघडायला हवी. शोकेसमध्ये कुणाला कळतंय, असं मी म्हटलं. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपबशा उचलायला उठले.

"उघड," ते सासूबाईंना म्हणाले.

"उघडते. पण अहो, पुन्हा तुमचा पाय मध्ये आला तर ही खोक्यासकट वर जाईल. मग मी नाही काढायची खाली."

मास्तरांनी चपला सोडल्या आणि ते खुर्चीवरच मांडी घालून बसले.

अख्खी दुपार गेली. गुडघे आखडले, कुरकुर चालूच होती, पण पाय खाली आला नाही. संध्याकाळी सासूबाईंनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं डावीकडे वळली. त्यांनी गाडी टेबलाच्या टोकापासून काढून पाण्याच्या जगला वळसा घालून आणली. मास्तर डोळे बारीक करून बघत होते.

"आरसा न बघताच निघालीस," ते म्हणाले.