ट्रंकेतलं हिरवं लुगडं

सुरभीला काळजी करायला कारण लागत नाही. वणीत घरासमोरून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची खडखड जरा थांबली, तरी ती दारात येऊन बघते, पुढे कुठं अपघात तर झाला नाही. नवरा अमर खाणीत डंपर चालवतो. पाळी सुटून त्याला दहा मिनिटं उशीर झाला की तिचे तीन फोन झालेले असतात. गॅस स्वतःच्या हातानं बंद करून ती पुन्हा दोनदा पाहून येते. बेचाळीस वर्षांची, बी.ए. झालेली, शाळेत हिंदी शिकवणारी ही बाई. अशा मुलीला कुठला निरोप द्यावा आणि कुठला देऊ नये, एवढं तिच्या आईला कळायला हवं होतं. पण विमलताईंनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या घाबरटपणाची पर्वा केली नाही, ती आता सत्तरीला आल्यावर कुठून करणार.

निरोप मॉरिशसहून आला. "दिवाळीच्या सुट्टीत इकडे येऊन राह्यली ना, तं फुलसावंगीच्या घरून ट्रंकेतलं हिरवं लुगडं आणजो. बाकी काही नाही आणलं तरी चालते."

आता हे लुगडं काय होतं ते सांगितलं पाहिजे. हिरवं नऊवारी, तांबड्या काठाचं. तेरा वर्षांपूर्वी विमलताईंनी स्वतः जाऊन घेतलं आणि एकदाही नेसल्या नाहीत. धोतराच्या फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं. दर दिवाळीनंतर उन्हात घालायच्या आणि सुरभीला बजावायच्या, "अहेव गेली तं मले हेच नेसवजो. मळवट भरजो, ओटी भरजो. लोकायच्या भरवशावर नको राहू." सुरभीचे वडील किसनराव बाजूला बसून विचारायचे, "अन् मी आधी गेलो तं?" "मंग याचे फडके करीन," विमलताई म्हणायच्या, "भांडे पुसाले."

ते लुगडं आई परदेशात मागवते आहे. सुरभीनं कणकेचा हात तसाच धरून फोन बंद केला आणि अमरला सांगितलं, आईला काहीतरी मोठं झालंय.

"लुगडंच मागतलं ना," अमर म्हणाला, "डॉक्टर तं नाही मागतला."

"तुमाले नाही समजत."

त्याला खरंच समजत नव्हतं. अशी लुगडी जपणं त्याच्या घरी नव्हतं.

किसनराव आणि विमलताई तिकडे गेले त्याला चौदा महिने झाले होते. किसनराव ज्या भजनी मंडळाचे, त्याचं एक प्रार्थनामंदिर मॉरिशसमध्ये आहे. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी माणसांची पोरं तिथं भजन आणि प्रार्थना शिकायला येतात. दोन वर्षं राहून सेवा करणारं जोडपं मंडळाला हवं होतं. किसनराव खंजिरीवर बसले की चार गावं ऐकायला येत. त्यांनी कापसातुरीचं शेत पुतण्याला बटईनं दिलं आणि खंजिरी पिशवीत घातली. लोक म्हणाले, या वयात काशीला जातात. "काशीले सगळेच जातात," विमलताई म्हणाल्या आणि पासपोर्टचा फोटो काढायला महागावला गेल्या.

सुरभी वणीहून यवतमाळ, तिथून महागाव, मग फुलसावंगी, अशा बसा बदलत गेली. घराची किल्ली शेजारच्या इंदुताईंकडे होती. ट्रंक उघडली, फडकं सोडलं, आणि दारात उभ्या इंदुताईंचं बोलणंच थांबलं.

"कायले नेऊन राह्यली वो हे?"

"आईनं मागवलं."

इंदुताई एरवी श्वास घ्यायला थांबत नाहीत. त्या दिवशी त्यांनी नुसता चहा करून दिला.

तिकिटं एकीचीच काढली होती. अमरला रजा नव्हती आणि मुलाची, आयुषची, बारावी होती. नागपूरहून मुंबई, मुंबईहून मॉरिशस. बॅग वरच्या कप्प्यात ठेवा म्हणून हवाईसुंदरीनं दोनदा सांगितलं. सुरभीनं ती मांडीवरून हलवली नाही, शेवटी पायाशी ठेवली आणि त्यावर पाय टेकवले. मग आईच्या लुगड्याला पाय लागला म्हणून पुढचे दोन तास नमस्कार करत बसली. तिकडच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं तुरीची डाळ काढून घेतली, अंबाडीचं बी काढून घेतलं. लुगडं उलगडलं तेव्हा कडुनिंबाचा वाळका पाला पडला, तोही त्यानं चिमट्यानं उचलून पिशवीत टाकला. लुगडं परत दिलं. हा पाला जायला नको होता, असं तिच्या मनानं घेतलं.

बाहेर दोघं उभी होती. विमलताईंच्या पायात खेळाडूंचे पांढरे बूट होते आणि अंग निम्मं झालं होतं. गालाची हाडं वर आलेली, ब्लाउज दंडावर लोंबकळतोय. आयुषचं विचारलं नाही, अमरचं विचारलं नाही.

"लुगडं आणलं?"

"आणलं."

"बरं झालं. चला, जीप उन्हात हाय."

पुढचे तीन दिवस फिरणं झालं. मंदिराच्या जीपमधून सात रंगांची माती पाहायला गेले; लाल, जांभळी, पिवळी अशी वाळवणासारखी पसरलेली. परदेशी माणसं फोटो काढत होती. किसनरावांनी कापसाचं रान पाहावं तसं कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दिसाले ठीक हाय. पऱ्हाटी येते का हिच्यात?"

"नाही येत," विमलताई म्हणाल्या, "म्हणूनच तिकीट लावलं."

सुरभी मातीकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. आई दर अर्ध्या तासानं बाटली तोंडाला लावते. आई बाथरूम कुठंय ते आधी विचारते. आई जेवायच्या आधी पाठ करून पिशवीतलं काहीतरी तोंडात टाकते. गंगा तलावाला, तिकडच्या तीर्थाला, विमलताईंनी डोळे मिटून हात जोडले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत, तेव्हा सुरभीनं बापाला कठड्याजवळ गाठलं.

"बाबा, खरं सांगा. आईले काय झालं?"

किसनराव तळ्यातल्या माशांना पाव टाकत होते. "मले काय इचारते, तिले इचार."

"ती सांगत नाही."

"तं मी कसा सांगू? मले इथं राहाचं हाय तिच्यासंगं."

सुरभीनं त्याचा अर्थ वाईटच लावला. त्या संध्याकाळी तिनं परतीची तिकिटं तीन जणांची होतील का ते फोनवर पाहून ठेवलं.

चौथ्या दिवशी समुद्र. पाणी निळंशार, काठाशी झाडांची सावली. विमलताईंनी जीपमधून पिशवी उतरवली आणि कपडे बदलायच्या खोलीकडे निघाल्या. "चाल. नेसव मले."

पिशवीत हिरवं लुगडं होतं.

"आई, मी हे नाही करणार."

"काहून?"

"काहून म्हणजे? हे कशाचं लुगडं हाय, ठाऊक नाही तुले? तुले काय झालं ते सांग आधी. डोळ्यासमोर अर्धी झाली तू. औषध लपवून खाते. मी लेकरू हाय का?" आवाज फुटला तिचा. खोलीतल्या दोन बाया पोहायचे कपडे हातात धरून बघत राहिल्या.

विमलताईंनी कमरेची पिशवी उघडली आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं. "शुगर. आठ महिने झाले. डॉक्टरनं गोड बंद केलं अन् चालाले लावलं, तं वजन उतरलं. तुले सांगतलं असतं तं तू वणीहून दिवसाले दहा फोन केले असते. म्हणून नाही सांगतलं."

"शुगरच? दुसरं काही नाही?"

"दुसरं काय पायजे तुले?"

सुरभीनं पाकिटाचा पुढून-मागून फोटो काढला, वणीच्या औषधवाल्याला पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत लुगड्याला हात लावला नाही. विमलताई बाकावर बसून राहिल्या. उत्तर आलं: हो, शुगरचीच.

"झालं समाधान? आता आईक," विमलताई म्हणाल्या. "मंडळाले आमी आणखी दोन वर्स सांगतले. हे इथं खुश हायत. मीबी हाय. त्यात मी गेली तं तू पोचशील काय? नागपूर, मुंबई, दोन इमानं. तोवर राख होईन माही. कोण नेसवन हे? तेरा वर्सं ट्रंकेत पडून राह्यलं. मनलं, तुया हातानं नेसाचं तं जित्तेपनीच नेसून घेऊ. पाह्यशील तरी कशी दिसतो ते."

सुरभीला हे भयंकर वाटलं. तिला आईला इथून उचलून थेट नागपूरच्या विमानात बसवावंसं वाटलं. पण आई हात वर करून उभीच होती, लहान मूल फ्रॉकसाठी उभं राहतं तशी. तिनं घडी मोडली. तेरा वर्षांच्या घड्यांवर कापड पांढुरकं झालं होतं. कमर बारीक झाल्यामुळं निऱ्या चार जास्त आल्या. ओच्याला कासोट्याला एकदा सगळं सुटलं, पुन्हा नेसवलं. कुंकू लावलं, मळवट भरला नाही.

"तेवढं नाही करणार," ती म्हणाली.

"नको करू. मी गेल्यावर तेवढं इथल्या बाया करतीन."

बाहेर किसनराव वाळूत बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, खाली घातली, पुन्हा पाहिलं. "मेल्यावर इतकी नसती खुलली तू," ते म्हणाले.

डब्यात पोळ्या आणि भात होता; ओटीला कच्चे तांदूळ कुठून आणणार. सुरभीनं टपरीवरून एक शहाळं आणून आईच्या पदरात टाकलं. विमलताई ते घेऊन गुडघाभर पाण्यात गेल्या आणि सुरभी काठावरून ओरडत राहिली, "पुढं नको जाऊ, आई, खोल हाय."

परतीच्या दिवशी तिकीट एकच होतं. विमानतळावर तिनं विचारलं, "मग आता शेवटी काय नेसवायचं तुले?"

"त्या दिवशी तारेवर जे वाळत असंन ते."

वणीत काळजी संपली नाही, ती फक्त वेळेवर यायला लागली. सकाळी आठला, म्हणजे तिकडे साडेसहाला, सुरभी व्हिडिओ कॉल लावते आणि पहिलं वाक्य ठरलेलं, गोळी घेतली का. विमलताई चिडतात. त्यांच्या मागे अंगणातली तार दिसते. तारेवर दर दोन-चार दिवसांनी हिरवं लुगडं असतं, मिठाच्या पाण्यानं काठाशी फिकं झालेलं. सुरभीचे डोळे आधी तिकडेच जातात. एका सोमवारी फोनमध्ये आईचा नुसता चेहरा होता आणि मागची तार रिकामी दिसली.

"आई, लुगडं कुठं गेलं?"

विमलताईंनी फोन हातभर लांब धरला. "नेसली हाय ना. दिसत नाही काय तुले?"