पाच बोटं आणि एक मागणं

गावच्या स्टँडवरून माझी एस.टी. पाच मिनिटं उशिरा सुटली, ती बाबांच्या प्रार्थनेमुळे. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी निघालेली आमच्या चर्चच्या मंडळीतली मी पहिलीच मुलगी. बाबा शाळेत मास्तर आणि रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणारे. त्यांनी भर स्टँडवर माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वेळेवर आली म्हणून आभार, खिडकीची जागा मिळाली म्हणून आभार. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आमेन उरका की, पुढं घाट हाय." बाबांनी डोळे न उघडता कंडक्टरबद्दलही आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या घरचा हा नियमच होता. संध्याकाळच्या प्रार्थनेत एका हाताची पाच बोटं एकेक करून मिटायची, प्रत्येक बोटाला देवाचा एक उपकार, आणि मग मागणं, तेही एकच. विहीर आटली त्या वर्षीसुद्धा नियम सुटला नाही. तेव्हा मी चिडून म्हटलं होतं, आज पाच उपकार नाहीतच. आई म्हणाली, "मग बस शोधत. भाकरी निवतेय."

तुम्ही जे गावी राहिलात, आणि जे माझ्या मागून इकडे आलात, त्या सगळ्यांना माझं येरवड्याचं पहिलं घर आठवत असेल. वर मी दोन खोल्यांत, खाली घरमालक तात्या. सकाळी हिंजवडीची कंपनीची बस, गळ्यात आय-कार्ड, दिवसभर एसीत बसून टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. चुका शोधण्यात मी पटाईत झाले. उपकार शोधायची सवय मात्र कधी सुटली, कळलं नाही.

मग ऑनसाईट ठरलं, म्हणजे गिऱ्हाईकाच्या देशात जाऊन काम. अमेरिका, दीड वर्ष. बाबांनी फोनवर ऐकलं आणि पुढच्याच रविवारी चर्चमध्ये जाहीर करून टाकलं: सरोजच्या पुण्याच्या घरी, शनिवारी दुपारी, देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा. दोन जीप ठरल्या. मी एक भलीमोठी निळी सूटकेस घेतली आणि कोपऱ्यात उभी केली.

सभेला तीन दिवस असताना आमचं प्रोजेक्ट बंद झालं. तिकडची कामं आटत चालली होती, हे आम्हाला पेपरात वाचून माहीत होतं, पण पेपरातलं आपल्या टेबलापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. एचआरच्या मुलीनं आधी मला पाण्याचा ग्लास दिला, मग आय-कार्ड मागून घेतलं. अमेरिकाही गेली आणि नोकरीही.

मी दोनदा एसटीडी बूथपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा फोन लावला, तो आईनं उचलला. मी म्हटलं, मला जरा बरं नाही, सभा पुढे ढकलू या का? "उपकारस्तुती कुठं पुढं ढकलतात का?" आई म्हणाली. "बुंदी सांगितलीये." आणि ताप आहे का, एवढं विचारून तिनं फोन ठेवला.

शनिवारी एकोणीस माणसं आली. तात्या जिन्याशी उभे राहून म्हणाले, "सगळे एकदम चढू नका. जिना माझा आहे." बाबांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं, ते खाटेवर बसले. पेटी ठेवायला काही उंच नव्हतं, म्हणून आमच्या मंडळीतल्या मार्थामावशीनं सूटकेस ओढून त्यांच्यासमोर आडवी टाकली. "आमेरिकेला जायच्या आधी जरा आमच्या कामी येऊ दे," ती म्हणाली.

चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधून शास्त्र वाचलं आणि मला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगायचं. माझं भाषण पाठ होतं आणि त्यात अमेरिका होती. तेच म्हटलं असतं तर दुपार निभावली असती आणि माणसं आनंदानं घरी गेली असती. पण बाबा समोर बसले होते. मी म्हणाले, "अमेरिका रद्द झाली. नोकरीपण गेली. बुधवारीच. मला बरं नाही, हे मी खोटं सांगितलं." मी बसायला लागले.

"बसू नकोस," बाबा म्हणाले. त्यांनी पेटीवरून हात उचलला आणि पाचही बोटं उघडून माझ्यासमोर धरली.

मला राग आला. खरंच राग आला. पण एकोणीस माणसं वाट पाहत होती. मी म्हटलं, "ही सगळी एवढ्या लांबून आली." बाबांनी करंगळी मिटली. "आई आहे, तुम्ही आहात." दुसरं बोट मिटलं. "डोक्यावर छप्पर आहे." जिन्यात तात्या खोकले. "खोटी साक्ष देता देता वाचले." चौथं. अंगठा तेवढा उरला आणि मला काही केल्या सुचेना. मार्थामावशीचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती मागून म्हणाली, "आगं, त्यो हाय की. नोकरी गेली. देव कुठं गेलाय?"

बाबांनी अंगठा मिटला आणि पेटी सुरू केली. आधी माझा आवाज फुटेना, मग थांबवेना. आम्ही सगळी उभं राहून गायलो, टाळ्या वाजवत, घामाघूम होईपर्यंत. एवढा आनंद मला अमेरिकेचं कळलं त्या दिवशीही झाला नव्हता. जीप निघाल्यावर लक्षात आलं, की मागणं करायचं राहूनच गेलं. तात्या बुंदीची दुसरी बशी घेत म्हणाले, "नोकरीचं कळलं. भिंती पातळ आहेत. मास्तर पेटी बरी वाजवतात."

नोकरी आठ महिन्यांनी लागली, छोट्या कंपनीत. अमेरिका कधी झालीच नाही. त्या आठ महिन्यांत मी रोज पाच बोटं मिटली, आणि अडले तिथं मावशीचं वाक्य उसनं घेतलं. पुढे बाबांच्या मातीला कबरीपाशी उभी राहून पाच उपकार मोठ्यानं म्हटले, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जातील असे.

आता पुण्याजवळ मांजरी गावात माझं स्वतःचं घर आहे. बाबांची पेटी मी वाजवते. गेल्या महिन्यात एस्तेरसाठी आमच्याकडे उपकारस्तुती ठरली होती. ही हिंजवडीत नोकरी करणारी, आपल्याच तालुक्यातली मुलगी, तिला प्रमोशन मिळालं होतं. दोन दिवस आधी तिचा फोन आला. "ताई, मला लेऑफ केलंय, नोकरी गेली. शनिवारचं कॅन्सल करू या का?"

"कशाला?" मी म्हटलं. "बुंदी सांगितलीये."

मग माळ्यावरून ती निळी सूटकेस काढली, विमानात एकदाही न बसलेली. ती आडवी टाकली आणि वर पेटी ठेवली. घर कुठलं, असं पुण्यात अजूनही विचारतात. गावचं घर आता बंद असतं आणि मांजरीचं नाव पटकन तोंडात येत नाही. डोळ्यांसमोर येतात ती आडवी सूटकेस आणि तिच्याभोवती दाटीवाटीनं बसलेली माणसं.

शनिवारी एस्तेर साक्षीला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि रडत खाली बसायला लागली.

"बसू नकोस," मी म्हटलं, आणि पेटीवरून हात उचलला.