पलीकडल्या गावाचं नाव

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. आधी बी.ए. केलं, मग ग्रंथालयशास्त्र, आणि आता शहाद्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे. गल्लीतल्या बायांना वाटतं मी दिवसभर पुस्तकं देते-घेते. तेही करते. पण आमच्या कॉलेजनं आपल्या भागातली गाणी आणि जुने फोटो वेबसाइटवर ठेवायचं ठरवलं, तेव्हापासून माझा बराचसा वेळ मेटाडेटा लिहिण्यात जातो.

मेटाडेटा म्हणजे काय, हे मायनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, एसटी स्टँडवर अनोळखी म्हातारी शेजारी बसली की पहिलं काय विचारते? कुठली, कोणाची, कुठं चालली. तेच गाण्याला विचारायचं आणि लिहून ठेवायचं. मशीनला गाणं ऐकून काही कळत नाही, त्याला लिहिलेलंच वाचता येतं. माय म्हणाली, मग एवढं शिकायला कशाला गेली होती, म्हातारीलाच बसवायचं होतं. मी हसले, पण मला माहीत होतं की ते वाटतं तेवढं सोपं नाही.

मायचं माहेर सारंगखेडा. मामा सुरतेला गेले, घराला कुलूप लागलं, तेव्हापासून आखाजीला माय शहाद्यातच असते. आखाजी म्हणजे आमच्याकडं माहेरवाशिणींचा सण. शहरातले लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. झाडाला झोके बांधतात आणि लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. मायच्या गावात त्यात आणखी एक गंमत होती. तापीच्या या काठावर सारंगखेड्याच्या पोरी, त्या काठावर पलीकडल्या गावाच्या. यांनी गाण्यातून त्यांना टोमणा मारायचा, त्यांनी गाण्यातूनच परत करायचा. त्यांचे झोके बाभळीला बांधलेले, त्यांच्या सासवा भाकरीत मीठ घालत नाहीत, असलं सगळं. आणि एक नियम पक्का होता. त्या दिवसांत पलीकडल्या गावाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की त्यांचा मान वाढतो. मायनं तो नियम आखाजी सरल्यावरही पाळला, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी. म्हणून मीही ते नाव इथं लिहीत नाही.

गेल्या आखाजीला गल्लीतल्या निंबाला झोका बांधला, माय बसली आणि मी तिचं गाणं मोबाइलवर घेतलं. ऐकून ती खूश झाली नाही.

"निम्मं गाणं शे ते. त्यास्न्या पोरी काय म्हनेत, ते कोठे शे?"

तिला उलट आलेली गाणी पाठ नव्हती. नदीचा आवाज, पोरींचा दंगा, त्यातून पुरतं कधी ऐकूच यायचं नाही. म्हातारपणी तिला तेवढंच हवं होतं, त्या काय म्हणायच्या ते. मी म्हटलं, वेबसाइटवर टाकू, कोणीतरी पलीकडची ऐकेल आणि उत्तर देईल. सहज बोलून गेले. मायनं ते मनावर घेतलं.

आमच्या ग्रंथपाल सरांची पद्धत अशी की सगळ्या गाण्यांना एकच ओळ लावायची: खानदेशी लोकगीत, शहादा. रेकॉर्डिंग झालं म्हणजे काम झालं, असं त्यांचं मत. मी त्यांना सांगितलं की गाणं म्हटलं शहाद्यात, पण ते सारंगखेड्याचं आहे. दोन्ही ठिकाणं वेगळी लिहायची असतात, आणि तशी सोयही आहे. भाषा अहिराणी लिहायची, नुसती मराठी नाही. सर म्हणाले, तुला एवढी हौस आहे तर सगळ्यांचं तूच कर. मी केलं. मायच्या गाण्याला आखाजी लिहिलं, अक्षय्य तृतीया लिहिलं, गौराई लिहिलं, झोका लिहिलं. गाणं कोणाला उद्देशून आहे, तिथं मायनं सांगितलं तसं 'पलीकडलं गाव' असं लिहिलं.

महिने गेले, कोणी फिरकलं नाही. एकदा मायनं माझा मोबाइल घेतला आणि मला सारंगखेडा शोधून दाखवायला सांगितलं. घोडे आले, तिथल्या यात्रेतल्या घोडेबाजाराचे. पांढरे घोडे, काळे घोडे, नाचणारे घोडे, यात्रेतली गर्दी, पुन्हा घोडे. माय बोट सरकवत राहिली.

"मन्हा गावमा बाया नही का, नुसता घोडाच शेतस?"

मला हसू आवरेना, पण त्यातच मला चूक दिसली. पलीकडल्या गावची बाई सारंगखेडा कशाला शोधेल? ती आपलं गाव शोधेल. आणि तिच्या गावाचं नाव आमच्या नोंदीत कुठंच नव्हतं. गाणं तिच्यावर रचलेलं, आणि तिच्यापर्यंत पोचायची वाटच आम्ही बंद केलेली.

मायला हे पटवणं सरांना पटवण्यापेक्षा अवघड गेलं. माझ्या गाण्यावर त्यांचं नाव नको, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी मी तिला विचारलं, तू टोमणा मारते तो कोणाला लागावा म्हणून मारते ना? मग पत्ता नको का त्याच्यावर? तिनं तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, लिही. नाव मात्र तिनं घेतलं नाही, मलाच टाइप करायला लावलं. मी त्याखाली आणखी एक ओळ घातली: हे गाणं अर्धं आहे, पलीकडून आलेलं उत्तर हवं आहे.

पावसाळ्यानंतर ग्रंथालयाच्या मेलवर एक ऑडिओ आला. पाठवणारी सुरतेची एक सून. तिनं लिहिलं होतं की सासूबाईंच्या माहेरचं नाव सहज शोधलं, तर हे गाणं निघालं. सासूबाईंनी ऐकलं आणि तेव्हापासून त्या गप्प बसत नाहीत.

घरी येऊन मी तो ऑडिओ मायच्या पुढ्यात लावला. आधी खाकरल्याचा आवाज, मग एक जाड, खणखणीत आवाज.

"सारंगखेडानी कोन शे हाई? जवाब आयकाना व्हई ते आयक."

आणि गाणं सुरू झालं. या काठावरच्या पोरींच्या नाकापासून ते त्यांच्या बापांच्या मिशांपर्यंत तिनं काही सोडलं नाही. मायनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. खांदे हलेपर्यंत हसत होती. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाली की शेवटची ओळ त्या बाईनं आत्ताच रचली आहे, नदीवर असली ओळ कधीच आली नव्हती, हा रडीचा डाव आहे.

मी लॅपटॉप उघडला, त्या गाण्याची नवी नोंद केली, आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या. मायच्या गाण्याखाली आता लिहिलं आहे: याचं उत्तर इथे ऐका. मी तिला ते दाखवायला वळले, तर ती खाटेवर मांडी घालून ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होती.

"मोबाइल काढ," ती म्हणाली. "तिले सांगनं शे, मी आजून जित्ती शे."