पोटातली जाळी आणि मे महिन्याचं ऊन

ऐका, पण हसू नका. आणि हसलातच तर आमच्या मेहुण्यासमोर विषय काढू नका. तो आधीच लई हसून बसलाय.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात. घरी सोडताना डॉक्टर सहज म्हणाले, "आत जाळी बसवलीये. पॉलिप्रॉपिलिनची."

पॉलिप्रॉपिलिन! माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. अहो, वाळूजच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथं आम्ही दुसरं करतो काय? पॉलिप्रॉपिलिनचे पांढरे दाणे वितळवायचे, पट्ट्या काढायच्या, त्या विणायच्या, की झाल्या धान्याच्या गोण्या तयार. म्हणजे डॉक्टरांनी माझ्या पोटात गोणी शिवली होती!

तशी गोणी चिवट. पाण्यात सडत नाही, पोतंभर गहू आरामात पेलते. पण ऊन? काही महिने उन्हात पडली, की बोट लावताच भुगा! म्हणून आम्ही दाण्यांत उन्हापासून वाचवणारं औषध मिसळतो. माझ्या जाळीत ते मिसळलं होतं का? विचारायची हिंमतच होईना. 'नाही' म्हणाले तर?

आणि महिना कोणता? मे! आपल्या संभाजीनगरचा मे!

मग काय, बाहेर पडलो की पोटासमोर उघडी छत्री. डोकं उन्हात, पोट सावलीत. गरम चहासुद्धा सोडला. जाळी वितळली म्हणजे?

बायको, सुनीता, वैतागली. "अहो, लोक छत्री डोक्यावर धरतात!"

"डोकं ओरिजनल हाय. पोटाची गॅरंटी नाय."

अशात मेहुण्याच्या पोरीचं लग्न आलं, लासूर स्टेशनला. जावंच लागलं. सुनीतानं लाजेखातर छत्री कुठंतरी लपवून ठेवली. मांडवाच्या कडेला सावली बघून मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. थोड्या वेळानं बघतो तर सावली सरकलेली आणि ऊन थेट पोटावर! घाबरून उठायला गेलो आणि…

कडाड्!

मी जमिनीवर. दोन्ही हातांनी पोट आवळून ओरडलो, "जाळी फुटली! माझी जाळी फुटली!"

मंगलाष्टकं थांबली. मेहुणा धावत आला. "दाजी, काय झालं?"

"हात लावू नको! आतडी बाहेर येतील!"

नवरदेवाची सजवलेली गाडी तेवढी दारात उभी होती. तिच्यातच मला आडवं घातलं, फुलांसकट. डोळ्यांपुढं अंधारी आली होती, खोटं नाही सांगत. सुनीता उशाशी रडत होती. "मीच लपवली हो छत्री! मीच!"

"पोरांना जप," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

थेट क्रांती चौकाजवळच्या त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. "जाळी जागेवर आहे. मोडलं काय मग?"

"खुर्चीचा पाय, डॉक्टर," मेहुणा म्हणाला. "गच्चीवर पडून असायची वर्षभर, उन्हात."

"बघा!" मी टुणकन उठून बसलो. "ती पण पॉलिप्रॉपिलिनचीच! उन्हानंच मोडली!"

मग मी सगळं सांगितलं. गोण्या, औषध, छत्री. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. शेवटी सुनीताकडं वळून म्हणाले, "वहिनी, निश्चिंत राहा. उन्हाचं सोडा, यांच्या चरबीतून त्या जाळीपर्यंत पोचता पोचता मलाच घाम फुटला होता!"