दुसऱ्या ठोक्याला वाजणारी काडतुसं

रविवार, ८ नोव्हेंबर २०१५. सकाळी पावसाची सर, मग ऊन. चकलीचं पीठ भिजवलं. चंद्रहास व प्रमोद नऊला नेमबाजीच्या रेंजवर गेले, दीडला परतले. चाळीस काडतुसांपैकी सहा पहिल्या खेपेला वाजली नाहीत. सहाही दुसऱ्या खेपेला वाजली. चंद्रहास न जेवता गराजमध्ये गेला.

मंदाताई दिवसातून दोनदा डायरी लिहीत, दुपारची जेवणं आटोपल्यावर आणि दिवेलागणीला. नाशिकच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली ही सवय चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. घडलं तेवढं लिहायचं, आपलं मत लिहायचं नाही. नवरा गेला त्या दिवसाच्या पानावरही त्यांनी वेळ, डॉक्टरांचं नाव आणि पाऊस एवढंच लिहिलं होतं.

मुलगा चंद्रहास पिंपरीहून ऑकलंडला आला, तो टूलरूमचा हात घेऊन. ईस्ट टामाकीतल्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणाऱ्या कारखान्यात मुलाखतीला फोरमनने त्याच्यापुढे दोन पोलादी ठोकळे ठेवले आणि यातला जाड कुठला ते विचारलं. चंद्रहासने मोजायला काही मागितलंच नाही. ठोकळे शेजारी-शेजारी सरकवले, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि डावा म्हणून सांगितलं. फरक केसाहून कमी होता. त्या अंगठ्याच्या जोरावर चौदा वर्षं नोकरी चालली आणि बॉटनी डाउन्सचं घर झालं. अजूनही नवीन डाय घासून आली की फोरमन म्हणे, चॅसला दाखवा.

हरणांच्या शिकारीचा नाद त्याला त्याचा मित्र प्रमोदने लावला. काडतुसं घरी भरायचा नाद मात्र त्याचा स्वतःचा. वाजून झालेली पितळी नळी साफ करायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारा टिकलीएवढा प्राइमर छोट्या प्रेसने दाबून बसवायचा, तोलून दारू घालायची, वर गोळी. "आमचे हे गराजमध्ये करंज्या भरतायत," असं त्याची बायको स्नेहल फोनवर मैत्रिणींना सांगायची. त्या दिवशी ती दिवाळीच्या खरेदीला गेली होती, म्हणून मंदाताईच थालीपिठांची ताटली घेऊन गराजमध्ये गेल्या.

रायफलचा बोल्ट, म्हणजे प्राइमरवर ठोका मारणारी पिन ज्यात असते तो भाग, टेबलावर सुटा पडला होता. प्रमोद खोक्यावर बसून चहा पीत होता.

"काकू, तुमच्या मुलाने आज रेंजवर मौन पाळलं," तो म्हणाला. "चाप ओढला की नुसतं टिक. मग उशिराने वाजेल म्हणून बंदूक समोर रोखून अर्धा मिनिट आम्ही सगळे पुतळे. शेजारचा म्हातारा विचारतो, मेट, तुमची प्रार्थना चाललीय का?"

"प्राइमर तू आणलेस," चंद्रहास वर न बघता म्हणाला.

"त्याच डब्यातले मी माझ्यासाठी भरले. सगळे वाजले."

"मग पिनची स्प्रिंग कमजोर असेल."

"माझी दहा तुझ्याच रायफलीतून मारली की रे. स्प्रिंगही तू गेल्याच महिन्यात बदललीस. आता काय, बंदुकीची पत्रिका दाखवायची?"

चंद्रहासने बोल्ट खाली ठेवला. त्याचा तो चेहरा मंदाताईंना बघवेना. बरेच दिवस मनात होतं ते त्या बोलून गेल्या.

"मला वाटतं, माझ्यामुळे झालं. खंडेनवमीला मी इथे पूजा केली. तुझ्या प्रेसला हळदकुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं. ती टिकल्यांची डबी उघडीच होती."

मग प्रमोदला चहाचा ठसका लागला.

"काकूंनी दारूगोळ्याला अंघोळ घातली. सत्यनारायण तेवढा राहिला."

चंद्रहास हसला. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईतो हसला. "आई, आधी सांगायचं ना. मी सगळी रायफल खोलून बसलो."

"पण भिजलेला प्राइमर दुसऱ्यांदा तरी कसा वाजेल?" प्रमोदने विचारलं.

"वाजतो कधीकधी. सापडलं ना कारण, बास." त्याने उभ्याउभ्याच दोन थालीपिठं खाल्ली.

प्रमोद गेला. मंदाताई खोलीत आल्या. मुलगा जेवला याचं बरं वाटायला हवं होतं, पण प्रमोदचा प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांनी डायरी मागे मागे चाळली. खंडेनवमी एकवीस ऑक्टोबरची. वीस सप्टेंबरला लिहिलं होतं, चंद्रहासची तीन काडतुसं वाजली नाहीत. सहा सप्टेंबरला, दोन. पूजेच्या कितीतरी आधी.

त्या आणखी मागे गेल्या. चोवीस ऑगस्ट: चंद्रहासने कामावर जाताना कॉलरचं बटण स्नेहलकडून लावून घेतलं. नऊ ऑगस्ट: चंद्रहासच्या अंगठ्याला तव्याचा चटका बसला, फोड आल्यावर त्याला कळलं. सव्वीस जुलै: चंद्रहासकडून ग्लास निसटला, दुसरा.

सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. रोज एकेक ओळ लिहून त्यांनी पान उलटलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. पूजेचा दोष सगळ्यांनी हसत मान्य केला होता, आणि तो अंगावर घ्यायला त्यांना काहीच जड गेलं नसतं. पण उद्या सोमवार होता, आणि त्याचे हात ग्राइंडरच्या फिरत्या दगडाशी असणार होते.

त्या डायरी घेऊन परत गराजमध्ये गेल्या आणि तारखा वाचून दाखवल्या. मत काही सांगितलं नाही. चंद्रहास ऐकत राहिला.

"तुला हे सगळं लिहायची काय गरज असते गं?"

"भरलेली काडतुसं आण. टेबलावरच्या काचेवर उभी कर, बुडं सपाट आहेत का बघू."

त्याने एकेक करून दहा उभी केली. सात सरळ उभी राहिली. तीन डुलली, बुडाखाली काहीतरी असल्यासारखी.

"यांचे प्राइमर पुरते बसले नाहीत," तो हळूच म्हणाला. "पिनचा पहिला ठोका त्यांना आत ढकलण्यात जातो. दुसऱ्याला वाजतात." मग लगेच म्हणाला, "प्रेस ढिला झाला असेल."

मंदाताईंनी एका डुलणाऱ्या काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवलं. त्यांच्या सुरकुतलेल्या बोटालाही कड लागली. "प्राइमर बसल्यावर तू हात फिरवून बघतोस ना?"

"प्रत्येक."

"मग डोळे मीट."

त्यांनी एक सरळ आणि एक डुलणारं अशी दोन काडतुसं त्याच्या हातात दिली. तो अंगठा फिरवत राहिला. इकडून तिकडे, पुन्हा इकडून. बराच वेळ झाला.

"दोन्ही सपाट आहेत," तो म्हणाला आणि त्याने डोळे उघडले. आईच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्याला पुढे काही विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?" मंदाताईंनी विचारलं.

"जून-जुलैच्या हिवाळ्यात वाटलं, थंडीने बोटं बधिर होतायत. मग थंडी गेली."

"डॉक्टरांची वेळ घे. उद्या जाऊ नकोस कामावर."

"उद्या मोठी डाय बाहेर जायचीय. ती माझ्या हातूनच पास होते."

"त्याच हाताने?"

तो काडतुसं एकेक करून डब्यात ठेवू लागला. एक हातातून सुटलं आणि टेबलाखाली घरंगळत गेलं.

"दिवाळी होऊ दे. मग जातो. तोवर स्नेहलला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "आणि आई, हे लिहू नकोस."

त्यांना खूप काही सांगायचं होतं. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, त्याला हाताला धरून कुठे नेता येणार नव्हतं. बाहेर स्नेहलची गाडी लागली, तसा तो पिशव्या घ्यायला उठला आणि कडी नीट सापडावी म्हणून त्याने दोन्ही हातांनी दार उघडलं.

दिवेलागणीला मंदाताई डायरी पुढ्यात घेऊन बसल्या. पेन कितीतरी वेळ तसंच हातात राहिलं. मग त्यांनी लिहिलं: निळ्या झाकणाचं दूध संपलं. उद्या दोन लिटर आणणे.